यात्रिकाचा भार

ज्येष्ठ महिन्यात, खानदेशातील ऊन अद्याप पुरते ओसरलेले नसताना आणि मृगाच्या सरींची शेतकरी आशेने वाट पाहत असताना, मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताईची पालखी पंढरपुरासाठी निघते, राजूरचा घाट चढून बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांतून महिन्याहून अधिक काळ पायी वाटचाल करते आणि आषाढी एकादशीपूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटी पोहोचते. पताका, वीणा, टाळ, मृदंग आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया हे तिचे डोळ्यांत भरणारे रूप होय. परंतु तिच्या मागेपुढे, पुढच्या मुक्कामाची तजवीज करीत, दिंड्यांच्या मालमोटारीही चालत असतात, आणि त्यांच्या हौद्यांत तंबू, बांबू, शिधा, पातेली, शेगड्या, पाण्याची टाकी, औषधांची पेटी आणि शेकडो वारकऱ्यांच्या वळकट्या असा सगळा संसार भरलेला असतो. अलीकडे तर हौद्यात दुमजली फळ्या टाकून, लोखंडी सांगाडा उभारून, छत घालून, मोटारीचे फिरते घरच केलेलेही वारीच्या वाटेवर दृष्टीस पडते. हे पाहून विचारी माणसाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो असा की, घर सोडून निघालेल्याने घर बरोबर न्यावे काय, आणि न्यावयाचेच झाल्यास ते किती वजनाचे, कोणत्या वाहनावर आणि कसल्या टायरांवर न्यावे? यातील पूर्वार्ध कीर्तनकाराने सोडवावा आणि उत्तरार्ध मिस्त्रीने, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. माझे नम्र प्रतिपादन असे आहे की, हा प्रश्न एकच आहे, आणि त्याच्या धर्मविषयक भागाचे खरे उत्तर त्याच्या वजनमापाच्या भागातच द्यावे लागते.

घर बरोबर नेऊच नये, असे म्हणणारा पक्ष दुबळा नाही. वारी ही मुळात पायांची उपासना आहे. पाठीवर एक वळकटी आणि वाटेवरच्या गृहस्थांनी श्रद्धेने वाढलेली भाकरी एवढ्या सामग्रीवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे पंढरीला गेली, अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या परंपरेतील दिंडी याच शिरस्त्याने बोरीकाठाहून चालत गेली, आणि चैत्राच्या उन्हात सप्तशृंगीच्या गडाकडे निघणारे धुळे-जळगावकडील भाविक आजही पुष्कळसे याच वृत्तीने चालतात. ज्या साधनेचे सारच घराची ओढ सैल करण्यात आहे, तिच्या मागोमाग घर नेले तर साधकाचे मन दुपारपासूनच संध्याकाळच्या अंथरुणाकडे धाव घेऊ लागते, हे या पक्षाचे म्हणणे अनुभवाला धरून आहे.

तथापि वारकऱ्यांचा समाज हा संन्याशांचा समाज नाही, आणि या संप्रदायाने कोणाला गृहस्थाश्रम टाकण्याची आज्ञा कधीही केलेली नाही. दिंडीत सत्तरी ओलांडलेली म्हातारी माणसे असतात, पायांना फोड आलेले असतात, मधुमेहाचे औषध वेळेवर घ्यावे लागणारे असतात, आणि उघड्या माळावर आडोसा मिळाला नाही तर ज्यांची कुचंबणा होते अशा शेकडो स्त्रिया असतात. पावसात भिजलेल्या या लोकांना रात्री कोरडी जागा आणि गरम अन्न मिळावे अशी व्यवस्था करणे हा चंगळीचा प्रकार नसून सेवेचा आहे. तेव्हा घर नेऊ नये हा नियम कठोर ठरतो, आणि वाटेल तेवढे न्यावे ही मुभा यात्रेचे स्वरूपच नष्ट करते; या दोहोंमध्ये गृहस्थ यात्रिकासाठी एखादी निश्चित रेषा आखता येते काय, हा खरा विचारणीय मुद्दा आहे.

गृहस्थाने किती बाळगावे याचा विचार आपल्या दर्शनांत जैन आचार्यांइतका काटेकोरपणे क्वचितच कोणी केला असेल. पातंजल योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक यम म्हणून येतो, आणि गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांतही त्या व्रताचे विवेचन आहे. परंतु जैन आचारशास्त्राने मुनीचे महाव्रत आणि श्रावकाचे अणुव्रत असा भेद करून, सर्वस्वाचा त्याग ज्याला शक्य नाही त्या गृहस्थासाठी परिग्रहपरिमाण हे व्रत सांगितले, म्हणजे आपण किती ठेवणार याचे माप त्याने आधी ठरवावे आणि ते ओलांडू नये असा नियम घातला. या व्रताची थोरवी अशी की, ते भावनेवर विसंबत नाही. मी अनासक्त आहे, असे माणूस स्वतःविषयी खुशाल म्हणू शकतो आणि ते खोडून काढण्याचे साधन कोणापाशी नसते. परंतु मी इतकेच ठेवीन असे ठरविलेला आकडा ओलांडला की नाही, हे शेजाऱ्यालाही मोजून पाहता येते.

त्याच परंपरेतील दुसरी एक गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसेच्या अणुव्रताला दूषण आणणारे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बांधून घालणे, मारहाण करणे, अवयव छेदणे आणि अन्नपाणी रोखणे यांच्याच पंक्तीला अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, हा दोष ठेवलेला आहे. ओझ्याखाली दबलेल्या बैलाला कोणी काठीचा स्पर्शही केला नसेल, त्याला वेळेवर वैरणही मिळत असेल, तरीही गाडीत चार पोती अधिक टाकणाऱ्याच्या हातून हिंसा घडली, असा हा निर्णय आहे. बैलगाडीच्या युगात या सूत्राचा अर्थ कोणालाही समजावून द्यावा लागत नसे, कारण घाटात बैलाच्या तोंडाला आलेला फेस हाच त्याचा अर्थ होता.

येथे कोणी म्हणेल की, मालमोटारीला तोंड नाही आणि वेदनाही नाही. मग लोखंडावर अतिभार घालण्यात हिंसा कोणाची? हा आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही. बैल आपल्या दुःखाची वर्दी स्वतः देत असे, चढावर थांबत असे, प्रसंगी बसकण मारीत असे, आणि त्यामुळे हाकणाऱ्याच्या निष्काळजीपणाला एक नैसर्गिक बंधन होते. यंत्र अखेरच्या क्षणापर्यंत मुकाट्याने वाहत राहते, आणि ते जेव्हा मोडते तेव्हा त्याची शिक्षा यंत्राला होत नाही. ती चालकाला होते, हौद्याच्या आडोशाला निजलेल्या वारकऱ्याला होते, उतारावर समोरून येणाऱ्या एस. टी. तील प्रवाशांना होते, आणि रस्त्याच्या कडेने नामस्मरण करीत चालणाऱ्या त्याच दिंडीला होते. शिवाय रस्ता म्हणजे सार्वजनिक संपत्ती. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ज्या विस्तृत चाचण्या झाल्या, त्यांतून असे दिसून आले की, रस्त्याची हानी ही आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. म्हणजे आसावर वीस टक्के भार अधिक पडला तर रस्त्याची झीज दुपटीहून थोडी अधिक होते, आणि भार दुप्पट झाला तर ती सोळापट होते. ज्या रस्त्यावरून उद्या रावेर-यावलची केळी आणि प्रसूतीसाठी जळगावला निघालेली एखादी लेक जावयाची आहे, तो रस्ता अतिभाराने खचविणे हे दुसऱ्याचे द्रव्य त्याच्या नकळत खर्चून टाकण्यासारखे आहे. यंत्रयुगाने अतिभारारोपणाचा दोष नाहीसा केला नाही. ज्याच्यावर तो दोष घडतो तो जीव आपल्या दृष्टीआड नेला, आणि म्हणून आपली जबाबदारी अधिक सावधपणाची झाली.

आता ती रेषा प्रत्यक्षात कशी आखावयाची ते पाहू. सामान्यतः क्रम असा असतो की, स्वस्तात मिळालेला जुना ट्रक आधी घेतला जातो, मग देणगीदारांच्या उत्साहाने त्यावर घर वाढत जाते, आणि अखेरीस गाडी मागून बसू लागली की टायरांचा व पाट्यांचा विचार सुरू होतो. धर्माचा क्रम याच्या नेमका उलट आहे: आधी माणसे व त्यांच्या गरजा मोजाव्या, त्यांवरून घराचे वजन काढावे, त्या वजनास योग्य असे वाहन निवडावे आणि त्या वाहनाच्या प्रत्येक आसावर पडणाऱ्या भारास पुरे पडतील असे टायर घ्यावे. वजन काढताना डोळ्यांचा अंदाज उपयोगाचा नाही. एक हजार लिटरची टाकी भरली की केवळ पाण्याचेच वजन एक टन होते. लोखंडी सांगाडा, प्लायवूड, गॅसच्या टाक्या, जनित्र आणि भांडी यांचे वजन वेगळे, आणि कोरड्या तंबूचे जे वजन कोथळीला होते ते मराठवाड्यातील पावसात भिजल्यावर राहत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका बाजूस धावते, म्हणून टाकीत आडव्या पडद्या असाव्या. जड वस्तू तळाशी आणि दोन्ही आसांच्या दरम्यान ठेवाव्या, कारण छतावर रचलेले ओझे राजूरच्या किंवा चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटातील वळणांवर गाडीला कलते करते. आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. जादा पाटा घातला की गाडी मागून बसत नाही आणि मालकाला ती सुधारल्यासारखी वाटते. परंतु पाट्याने आसाचे, ब्रेकांचे किंवा टायरांचे बळ कणभरही वाढत नाही, अतिभाराची दिसणारी खूण तेवढी लपते.

राज्यसंस्थेने या बाबतीत काही मर्यादा घालून दिलेल्या आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ११३ अन्वये वजनाच्या मर्यादा ओलांडण्यास मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या अपराधास वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये असा दंड सांगितला आहे. कलम ५२ अन्वये नोंदणीच्या दस्तऐवजातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि मालवाहू वाहनात माणसांची वाहतूक करण्याची मुभा नाही. २०१८ साली चार टायर असलेल्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली आणि पुढच्या दोन टायरांच्या आसाला ७ टनांची मर्यादा मिळाली. परंतु कायद्याने दिलेली मुभा आणि वस्तूची शक्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे टायरावरील अंक वाचले म्हणजे कळते. पुष्कळ ट्रकांना बसविल्या जाणाऱ्या १०.०० आर २० या मापाच्या टायरावर १४६/१४३ असा भारांक आढळतो. त्याचा अर्थ, योग्य हवा असताना, एकटा टायर ३,००० किलो आणि जोडीतील प्रत्येक टायर २,७२५ किलो भार वाहू शकतो. पुढच्या दोन टायरांची बेरीज ६,००० किलो झाली आणि मागच्या चारांची १०,९०० किलो. कायदा मात्र अनुक्रमे ७,००० आणि ११,५०० किलोंपर्यंत परवानगी देतो. ज्याने केवळ परवान्याकडे पाहून गाडी भरली त्याने कायदा मोडला नाही आणि तरीही टायरावर अतिभार घातला. याउलट १५२/१४८ भारांकाचे टायर घेतले तर पुढे ७,१०० आणि मागे १२,६०० किलोंपर्यंत ते समर्थ ठरतात. मात्र ते त्या वाहनाच्या रिमांना व निर्मात्याच्या शिफारशीला धरून असले पाहिजेत. शासनाचा हुकूम ही किमान मर्यादा आहे. धार्मिक कार्यास निघालेल्या माणसाने त्याहून बारकाईने पाहिले पाहिजे, एवढा बोध या बेरजेतून मिळतो.

खानदेशच्या यात्रिकाला टायरांची चिंता इतरांहून अधिक करावी लागते, याचे कारण येथील हवेत आहे. वैशाख-ज्येष्ठात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि डांबराचा पृष्ठभाग हवेहूनही अधिक तापतो. टायर फुटतो तो बहुधा खिळ्याने नव्हे, उष्णतेने. आणि ही उष्णता मुख्यत्वे त्याच्या स्वतःच्या कुशीच्या सततच्या वाकण्यातून निर्माण होते. हवा कमी असली किंवा ओझे अधिक असले की प्रत्येक फेऱ्यात कूस अधिक वाकते, रबर आणि आतील धागे यांची पकड सैल होत जाते, आणि धुळ्याच्या चौकातून सुरतेकडे किंवा नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भर दुपारी टायरांच्या ज्या चिंध्या पडलेल्या दिसतात त्यांत याच कारणाने फुटलेले टायर पुष्कळ असतात. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना, मापकाने पाहावी. तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नये. टायराच्या कुशीवरील चार अंकांत तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या साली तयार झाला हे लिहिलेले असते, ते वाचावे. वर्षातून एक महिना चालून अकरा महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या दिंडीच्या गाडीचे टायर गोटी शाबूत असतानाही वयाने जीर्ण होतात. पुन्हा रबर चढविलेला टायर पुढच्या आसाला कधीही लावू नये, कारण पुढचा टायर फुटला तर सुकाणू हाती राहत नाही.

मागच्या जोडीतील आतल्या टायराविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. तो सहजी दिसत नाही, त्याच्या हवेच्या तोंडाशी हात पोहोचविणे कष्टाचे असते, आणि बाहेरचा टायर गुबगुबीत दिसत असला की पाहणाऱ्याचे समाधान होते. अशा स्थितीत आतल्याची हवा उतरली तर त्याच्या वाट्याचा भार मुकाट्याने बाहेरच्यावर जातो, आणि ज्या टायराची सर्वांनी वाखाणणी केली तोच प्रथम फुटतो. सोंगाची आणि साधनेची परीक्षा ज्या ठिकाणी होते ते ठिकाण प्रायः असेच नजरेआड असते. आणि आतल्या टायराची हवा पाहण्यासाठी पहाटे गाडीखाली शिरणारा सेवेकरी दिंडीच्या पुण्यात वीणेकऱ्याच्या बरोबरीचा वाटेकरी आहे, असे मी मानतो.

यावर श्रद्धावंतांकडून एक उत्तर हमखास येते: कार्य देवाचे आहे, देव सांभाळून घेईल. या श्रद्धेचा अनादर माझ्या मनात नाही. परंतु खानदेशच्या धर्मजीवनानेच या उत्तराची मर्यादा दाखवून दिली आहे. जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. रथात देव आहे, रस्ताभर भक्त आहेत, दोर ओढणाऱ्या हातांत बळ आणि मनात भाव आहे. तरीसुद्धा चाकांजवळ लाकडी मोगरी घेतलेली अनुभवी माणसे दक्षतेने चालत असतात, आणि रथ थांबविणे व वळविणे हे सर्वस्वी त्यांच्या अखत्यारीत असते. देवाच्या रथालाही अटकाव हवा, हे ज्या पूर्वजांनी ओळखले त्यांच्या भक्तीत काही उणे होते असे कोणी म्हणणार नाही. दुसरीकडे आपल्या गावोगावच्या यात्रांत बारागाड्या ओढल्या जातात. एकमेकींना जोडलेल्या गाड्यांवर माणसांची दाटी होते, भगत धावत सुटतो, आणि जेथे गर्दीला आणि गाड्यांवर चढणाऱ्यांना माप राहत नाही तेथे कधीकधी चाकाखाली माणूस सापडतो. नवसाने चाकाचे वजन कमी होत नाही, हे अशा प्रसंगी जीव देऊन शिकावे लागते.

मुक्ताईच्या चरित्रातील ती सुप्रसिद्ध कथा येथे कोणालाही आठवेल. तापी-पूर्णेच्या संगमाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते योगिराज चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आले, आणि त्यांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वरादी भावंडांनी बसल्या जागची भिंतच चालविली, असे परंपरा सांगते. परंतु या कथेतून संप्रदायाने घेतलेला बोध सिद्धींच्या गर्वहरणाचा आहे. चौदाशे वर्षांच्या तपस्व्याने वाहनाचा आणि सामर्थ्याचा अभिमान उतरवून ठेवला आणि मुक्ताईला गुरू केले, हे तिचे हृदय आहे. निर्जीव वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वागेल असे गृहीत धरण्याचा अधिकार या कथेने कोणालाही दिलेला नाही. संतांनी अचेतनातही चैतन्य पाहिले; त्या दृष्टीचा वारसा सांगणाऱ्याने लोखंडाला आणि रबरालाही त्यांच्या शक्तीपलीकडे राबवू नये, हाच तिचा आजचा व्यवहार्य अर्थ होय.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारमागून रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्या हाती आहेत. बाहेरचे कर्म आणि त्यात ओतलेले अंतःकरण यांचा मेळ बसला की कर्माचे ओझे वाटेनासे होते, हा विचार त्या प्रवचनांनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविला. या दृष्टीने पाहता वजनकाट्यावर गाडी उभी करणे, आकडा वहीत उतरविणे, तो अधिक भरला तर काय उतरवावे याचा दिंडीत विचार करणे आणि ते खरोखर उतरविणे, ही यात्रेच्या पूर्वतयारीची किरकोळ कामे राहत नाहीत. तो यात्रेचा आरंभच होतो. आपल्याला काय हवे आणि कशावाचून चालेल, हे ज्या क्षणी प्रामाणिकपणे ठरते त्या क्षणी घराची ओढ सैल होते, आणि त्यागाच्या ज्या भावनेसाठी आक्षेपकाने फिरत्या घरालाच विरोध केला होता ती भावना त्या घराच्या आतच साधते. घर नेणे दोषास्पद नाही. न मोजता नेणे दोषास्पद आहे.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि चाकांवरचे घर ही कल्पना आता दिंड्यांपुरती राहिलेली नाही. कुटुंबेही ती स्वीकारू लागली आहेत. त्या सर्वांना आणि विशेषतः खानदेशातील दिंडीप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रस्थानाच्या आठ दिवस आधी, पाणी, शिधा आणि सामान यांनी पूर्ण भरलेली गाडी जवळच्या जिनिंगच्या किंवा मार्केटच्या वजनकाट्यावर न्यावी. पुढचा आस व मागचा आस वेगवेगळा तोलावा. नोंदणीच्या पुस्तकातील वजन आणि टायरांवरील भारांक यांच्याशी ते आकडे ताडून पाहावे, आणि दोहोंपैकी जी मर्यादा कमी असेल तीच आपली मानावी. वजन अधिक भरले तर पाणी वाटेवरच्या गावांत भरून घ्यावे, जनित्र मागे ठेवावे, किंवा ओझे दोन गाड्यांत विभागावे. परंतु थोडेच तर जास्त आहे असे म्हणून निघू नये. माणसांना मालाच्या हौद्यात बसवू नये. वृद्धांसाठी प्रवासी वाहनाची तरतूद करावी. आणि काट्यावर मिळालेली पावती दिंडीच्या वहीत चिकटवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी जो व्यवस्था पाहील त्याला कोणाच्या आठवणीवर विसंबून राहावे लागणार नाही.